एकाच वेळीं अनेक कामें : संगणकाच्या भाषांतील एक प्रश्न

संगणक एका वेळीं एकच काम करितो, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः हातांतील साध्या फोनमध्येंही अनेक कामें एकसमयावच्छेदेंकरून चाललेलीं असतात. निरोप येत असतो, चित्र पडद्यावर उमटत असतें, घड्याळ चालत असतें. हीं कामें एकमेकांच्या आड आलीं तर काय अनर्थ होतो, व तो टाळण्यासाठीं संगणकाच्या भाषांत कोणती योजना केलेली असते, हें या लेखांत थोडक्यांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम एक दृष्टांत घेऊं. एका पेढींत एका खात्यावर १००० रुपये शिल्लक आहेत. वही एक, कारकून दोन. पहिल्यानें वहींत १००० पाहिले व तो २०० रुपये मोजूं लागला. तेवढ्यांत दुसऱ्यानेंही वही पाहिली. त्यालाही १००० च दिसले. पहिल्यानें शिल्लक ८०० लिहिली. दुसऱ्यानें ३०० रुपये देऊन, आपल्या हिशेबाप्रमाणें, ७०० लिहिली. खरी शिल्लक ५००, आणि वही सांगते ७००! वजाबाकी दोघांचीही बरोबर. चुकला तो कामांचा क्रम. शिवाय दोघे नेमके एकाच क्षणीं वहीपाशीं आले तरच ही चूक घडते. दहा वेळां तपासून पाहिलें तरी ती सांपडेलच असें नाहीं.

असली चूक पैशापुरतीच राहते असें कोणीं समजूं नये. थेरॅक-२५ नांवाचें कर्करोगावर किरणोपचार करणारें एक यंत्र होतें. १९८५ ते १९८७ या काळांत अमेरिका व कॅनडा येथें या यंत्रापासून सहा रुग्णांस प्रमाणाबाहेर किरण मिळाले, व त्यांपैकीं निदान तिघे दगावले. टेक्सासमधील टायलर येथें १९८६ सालीं जे दोन अपघात झाले, त्यांचें कारण पुढें उघड झालें. यंत्र चालविणाऱ्या व्यक्तीनें प्रथम एक्स-रेची सूचना दिली व लगेच ती सुधारून इलेक्ट्रॉनची केली. यंत्रांतील चुंबक जुळविण्यास सुमारें ८ सेकंद लागत. तेवढ्या अवधींत केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसे. परंतु आंत चाललेल्या दुसऱ्या कामास तिची वार्ताच नसे. पूर्वीच्या यंत्रांत अशा प्रसंगीं किरण रोखणारा स्वतंत्र अडसर असे; येथें मात्र सर्व भिस्त आज्ञावलीवर ठेविली होती.

यावर पहिला उपाय कुलुपाचा. एक कारकून वहीपाशीं असतां दुसऱ्यानें बाहेर थांबावें. डच गणितज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनीं १९६० नंतरच्या दशकांत ही कल्पना शास्त्रशुद्ध रीतीनें मांडली व तिला आगगाडीच्या हात-सिग्नलावरून 'सेमाफोर' हें नांव दिलें. उपाय चांगला, पण त्यांत दोन उणिवा आहेत. कुलूप लावण्यास एक जण जरी विसरला, तरी मूळची आपत्ति पुन्हां उभी राहते. आणि एकानें पहिली वही धरून दुसरीची, व दुसऱ्यानें दुसरी धरून पहिलीची वाट पाहिली, तर दोघेही जन्मभर तसेच उभे राहतील!

दुसरा मार्ग असा कीं, वही सामाईक ठेवूंच नये. प्रत्येक वही एकाच कारकुनाच्या स्वाधीन करावी. इतरांनीं त्याला चिठ्ठी पाठवावी, व त्यानें आलेल्या चिठ्ठ्या एकामागून एक निकालांत काढाव्या. इंग्लंडमधील टोनी होर यांनीं १९७८ सालीं हा विचार एका निबंधांत मांडला. त्यांच्या पद्धतींत चिठ्ठी हातोहात द्यावयाची असते. घेणारा येईपर्यंत देणारा थांबतो. गूगलनें २००९ सालीं प्रसिद्ध केलेली 'गो' ही भाषा याच परंपरेंतील होय.

स्वीडनमध्यें एरिक्सन कंपनींत जो आर्मस्ट्राँग व त्यांचे सहकारी यांनीं १९८६ पासून घडविलेली 'अर्लांग' ही भाषा थोडी निराळी आहे. तींत चिठ्ठी पेटींत टाकून पाठविणारा आपल्या कामास लागतो. ही भाषा टेलिफोनच्या केंद्रांसाठीं निर्माण झाली. तेथें एकाचें बोलणें तुटलें तरी हजारोंचें चालू राहिलें पाहिजे. म्हणून प्रत्येक काम अलग ठेविलें जातें, आणि एखादें कोसळलें तर त्यावर देखरेख करणारें दुसरें काम तें पुन्हां सुरू करितें. पालक मंडळी नित्य वापरतात त्या व्हॉट्सॲपची निरोप पोंचविणारी यंत्रणाही याच भाषेंत उभारली गेली.

चिठ्ठ्यांनीं सर्व दुःखें संपतात असें मात्र नाहीं. दोघेही एकमेकांच्या चिठ्ठीची वाट पाहत बसण्याचा संभव राहतोच. तथापि वहीवर दोन हात एकदम पडण्याचें भय जातें. २०१५ सालीं जिची पहिली पक्की आवृत्ति निघाली, ती 'रस्ट' ही भाषा तर याहून पुढें जाते. एकाच वस्तूवर दोघांनीं बेबंद लिहावें अशी आज्ञावली तिचा भाषांतरकार मान्यच करीत नाहीं. चूक यंत्रापर्यंत जाण्यापूर्वींच अडविली जाते.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यांतील कांहीं जण पुढें आज्ञावली लिहितील. त्यांनीं सावध असावें, हें तर खरेंच. परंतु अत्यंत सावध मनुष्यही कधीं थकतो, कधीं विसरतो. म्हणून विसरलें तरी अपाय होऊं नये, अशी रचना आधींच करून ठेवावी. अशा यंत्रापुढें विश्वासानें निजणाऱ्या रुग्णास आज्ञावली लिहिणाऱ्याचें नांवही ठाऊक नसतें. त्याचा तो विश्वास सांभाळणें, हेंच या सर्व खटाटोपाचें प्रयोजन होय.