छायाचित्रे हलकी करा, मूळ प्रत मात्र जपा

रायपूरच्या तात्यापारा भागातील मराठी वस्ती फार जुनी आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर आला आणि त्यामागोमाग अनेक मराठी कुटुंबे या प्रदेशात स्थिरावली. १९३५ पासून कार्यरत असलेले येथील महाराष्ट्र मंडळ आजही या कुटुंबांना एकत्र आणते. परंतु घरोघरची मुले आता नागपूर, पुणे, बंगळूर आणि परदेशात विखुरली आहेत. मंगलकार्यानिमित्त सारी जमतात, दोन दिवसांत परततात आणि मागे उरतात ती छायाचित्रे.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी मुंज झाली. तेव्हा कॅमेऱ्याने सुमारे १,१०० छायाचित्रे टिपली. प्रत्येकाचा आकार साधारण साडेचार एमबी, म्हणजे एकूण भार पाच जीबीच्या घरात. ई-मेलने एका वेळी पंचवीस एमबीच जाऊ शकत असल्याने सगळी पाठवायची तर दोनशेहून अधिक पत्रे लागली असती. पुतण्याने यावर उपाय काढला. एका संगणक प्रणालीच्या साहाय्याने त्याने सर्व छायाचित्रे एकाच आज्ञेसरशी लहान केली. काही मिनिटांत काम फत्ते झाले, नातेवाइकांना छायाचित्रे पोहोचली आणि सर्वांनी त्याचे कौतुक केले.

सहा महिन्यांनी माझ्या आईचे निधन झाले. भिक्षावळीच्या वेळी बटूच्या मस्तकी हात ठेवलेली तिची प्रसन्न मुद्रा सर्वांच्या स्मरणात होती. तेच छायाचित्र अठरा इंची चौकटीत लावावे असे ठरले. छपाई करून आणली, तो चेहऱ्याच्या जागी केवळ चौकोनी ठिपके! पुतण्याने छायाचित्रे लहान केली होती ती मूळ फाईलींवरच, आणि कॅमेऱ्यातील कार्ड केव्हाच पुसून पुन्हा वापरले गेले होते.

भार येतो कोठून?

हे असे का झाले, हे समजण्यासाठी थोडे गणित पाहू. डिजिटल छायाचित्र असंख्य चित्रबिंदूंचे, म्हणजे पिक्सेलांचे बनलेले असते. बारा मेगापिक्सेलच्या छायाचित्रात ४,००० गुणिले ३,००० असे एक कोटी वीस लक्ष चित्रबिंदू असतात. प्रत्येकाच्या रंगासाठी तीन बाइट धरल्यास ३६ एमबी होतात. प्रत्यक्षात फाईल चार-पाच एमबीची असते, याचे श्रेय 'जेपेग' या पद्धतीला आहे.

या पद्धतीच्या मुळाशी असलेले गणित बंगळूर येथे जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केले. त्यावर आधारलेले जेपेग मानक १९९२ साली आले. यात छायाचित्राचे आठ गुणिले आठ चित्रबिंदूंचे चौकोन पाडले जातात आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारे सूक्ष्म तपशील त्यांतून गाळले जातात. मानवी डोळा उजेड-अंधारातील भेद चटकन टिपतो, रंगांतील बारीक भेद तितकेसे टिपत नाही. या स्वभावाचा येथे कौशल्याने उपयोग केला आहे. मात्र गाळलेला तपशील परत मिळत नाही, आणि तीच फाईल पुनःपुन्हा बदलून साठविल्यास दर खेपेस थोडी हानी होते.

म्हणजे भार कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, चित्रबिंदूंची संख्या घटविणे. दुसरा, गाळण अधिक कडक करणे. आमच्या पुतण्याने लांब बाजू ६४० चित्रबिंदूंवर आणली होती. अठरा इंची चौकटीत त्यामुळे दर इंचाला जेमतेम पस्तीस ठिपके आले. हातात धरून पाहायच्या छपाईला ३०० ठिपके उत्तम, भिंतीवरील मोठ्या चौकटीला १५० देखील चालतात. मूळ फाईल असती, तर त्याच चौकटीत इंचामागे २२० हून अधिक ठिपके मिळाले असते.

एकाच वेळी अनेक

एकेक छायाचित्र उघडून लहान करणे हे कंटाळवाणे काम आहे. 'इरफानव्ह्यू' ही १९९६ पासून उपलब्ध असलेली आणि घरगुती वापरास विनामूल्य असलेली प्रणाली हे काम एकगठ्ठा करते. तीत 'बॅच कन्व्हर्जन' हा पर्याय निवडावा, छायाचित्रांची यादी भरावी, लांब बाजू १,६०० चित्रबिंदू आणि दर्जा ८० ते ८५ ठेवावा. एवढ्याने छायाचित्र बहुधा तीनशे ते पाचशे केबीपर्यंत उतरते आणि पडद्यावर पाहताना फरक जाणवत नाही. विंडोज वापरणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टच्या 'पॉवरटॉईज'मधील 'इमेज रिसायझर' हीदेखील सोपी सोय आहे.

तथापि, आज्ञा देण्यापूर्वी पुढील दक्षता अवश्य घ्यावी.

१. प्रथम नवीन फोल्डर तयार करावे आणि लहान प्रती तेथेच साठविल्या जातील असे ठरवून द्यावे. मूळ फाईलींवर लिहिण्याचा पर्याय कधीही निवडू नये. मॅक संगणकावरील 'प्रिव्ह्यू' बदल थेट मूळ फाईलीत साठविते, म्हणून तेथे आधी दुसरी प्रत काढावी.

२. आरंभी पाचच छायाचित्रांवर प्रयोग करावा. चेहरे मोठे करून पाहावेत आणि मगच संपूर्ण संग्रहाकडे वळावे.

३. छायाचित्र टिपल्याची तारीख प्रतीत टिकून राहते ना, हे तपासावे. पुढे क्रम लावताना तिचा उपयोग होतो.

४. मूळ संग्रह दोन ठिकाणी ठेवावा आणि त्यांतील एक जागा घराबाहेरची असावी. त्यानंतरच कार्ड पुसावे.

मोबाईलवरील व्हॉट्सॲप छायाचित्रे आपोआप लहान करते, हेही ध्यानी ठेवावे. मूळ प्रत पाठवायची असेल, तर ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी.

बँकेच्या कामी

हे ज्ञान केवळ कौटुंबिक संग्रहापुरते नाही. ऑनलाईन अर्जांत छायाचित्र आणि स्वाक्षरी यांच्या आकारावर मर्यादा असतात. बँक भरतीच्या आयबीपीएस परीक्षांच्या अर्जांत छायाचित्र साधारणतः २० ते ५० केबी आणि स्वाक्षरी १० ते २० केबी इतकीच मागितली जाते. अशा वेळी घाईघाईने एखाद्या अनोळखी संकेतस्थळावर आधार, पॅन वा पासबुकाची छायाप्रत चढवून ती लहान करून घेण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. ती प्रत तेथे किती काळ राहील आणि कोणाच्या हाती पडेल, हे आपल्या हातात उरत नाही. हेच काम स्वतःच्या संगणकावर दोन मिनिटांत होते.

आमच्या आईचे छायाचित्र अखेर मिळाले, पण ते नव्हे. मुंजीच्या संध्याकाळीच बिलासपूरच्या मामेभावाने कार्डातील चाळीसेक छायाचित्रे आपल्या संगणकावर उतरवून घेतली होती. त्यांत मांडवाच्या कडेला बसून कोणाशी तरी बोलत असलेली आई होती. भिक्षावळीची ती मुद्रा त्यांत नव्हती. आज दिवाणखान्यात तेच छायाचित्र आहे आणि ते स्पष्ट आहे.

त्यानंतर आमच्या घरी पद्धत ठरून गेली. प्रत्येक कार्यानंतर दोन फोल्डर होतात, एक 'मूळ' आणि दुसरे 'पाठविण्यासाठी'. पहिल्याला कोणी हात लावत नाही, दुसऱ्यात हवी तेवढी काटछाट होते. ही पद्धत पुतण्यानेच सुरू केली आणि आता घरातील लहानांना तोच ती शिकवितो. आपण बँकेत ठेव ठेवतो, तेव्हा मुद्दल जपून व्याजावर खर्च चालवितो. छायाचित्रांच्या बाबतीतही सुजाण वाचकांनी हेच धोरण ठेवावे: वाटायच्या त्या प्रती, जपायचे ते मूळ.