घरकर्जाच्या वाटेवरची छोटी कर्जे

‘घर पाहावे बांधून’ या म्हणीचा प्रत्यय मागच्या पिढीतील नोकरदाराला बहुधा निवृत्तीच्या सुमारास येत असे. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम हाती पडली की उपनगरात एखादा ब्लॉक घेतला जाई. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी मुंबईत एचडीएफसीची स्थापना केली आणि घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज ही कल्पना मध्यमवर्गात हळूहळू रुजली. आज तिशीतील जोडपे वीस वर्षांच्या कर्जावर घर घेण्याचा विचार सहज करते. मात्र बँकेच्या दारात पोहोचेपर्यंत त्याच्या खांद्यावर आणखी दोन-तीन कर्जे येऊन बसलेली असतात. लग्नासाठी घेतलेले वैयक्तिक कर्ज, दुचाकीचा हप्ता, क्रेडिट कार्डाची थकबाकी, हप्त्याने घेतलेला फोन. घराच्या किमतीपुढे यांतील प्रत्येक रक्कम किरकोळ वाटते. ती तशी नसते, हे बँकेचा अधिकारी पात्रतेचा आकडा सांगतो तेव्हा ध्यानात येते.

चार लाखांचे देणे, अठरा लाखांची घट

कर्ज देताना बँक अर्जदाराच्या पगाराबरोबरच त्या पगारातून आधीच किती रक्कम हप्त्यांत जाते, हेही पाहते. सर्व हप्ते मिळून हाती येणाऱ्या उत्पन्नाच्या साधारण ४० ते ५० टक्क्यांपलीकडे जाऊ नयेत, असा बँकांचा सर्वसाधारण दंडक असतो. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतलेल्या एक लाख रुपयांच्या कर्जाला महिन्याला सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो. याचा अर्थ असा की, दरमहा हजार रुपयांचा दुसरा कोणताही हप्ता घरकर्जाची पात्रता सुमारे १ लाख १५ हजार रुपयांनी घटवतो.

एक उदाहरण घेऊ. एका कुटुंबाच्या हाती दरमहा ९० हजार रुपये येतात आणि बँक त्यातील निम्मी रक्कम हप्त्यांसाठी ग्राह्य धरते. अन्य कर्ज नसेल, तर ४५ हजारांच्या हप्त्यावर या कुटुंबाला जवळपास ५२ लाखांचे कर्ज मिळू शकते. आता त्यांच्यावर १४ टक्के व्याजाचे तीन लाखांचे वैयक्तिक कर्ज असून ते फेडायला तीन वर्षे उरली आहेत, असे समजू. त्याचा हप्ता सुमारे १०,२५० रुपये होतो. दुचाकीचा ३,७५० आणि फोन व फ्रिजचे मिळून दोन हजार रुपये धरले, तर महिन्याचे १६ हजार रुपये आधीच गुंतलेले आहेत. घरासाठी उरतात २९ हजार आणि त्यावर मिळते साडेतेहतीस लाखांच्या आसपास कर्ज. तिन्ही देण्यांची शिल्लक मिळून जेमतेम चार लाख असेल. परंतु त्यापायी पात्रता अठरा लाखांहून अधिक घटली.

याचे कारण मुदतीत आहे. घरकर्ज वीस वर्षांत फेडायचे असते, तर ही कर्जे दोन-तीन वर्षांत. त्यामुळे रकमेच्या मानाने त्यांचा हप्ता फार मोठा असतो.

आधी कोणते फेडावे?

यासाठी सहसा दोन कसोट्या सांगितल्या जातात. ज्याचा व्याजदर सर्वाधिक ते आधी फेडले, तर एकूण व्याज सर्वांत कमी भरावे लागते. जे सर्वांत लहान ते आधी संपवले, तर एक देणे निकालात निघाल्याचे समाधान मिळते आणि उमेद टिकते. घर घेऊ पाहणाऱ्याने तिसरी कसोटीही लावावी. शिल्लक रकमेच्या मानाने ज्याचा हप्ता सर्वांत मोठा, ते कर्ज बँकेकडे अर्ज करण्यापूर्वी मिटवावे. पन्नास हजार रुपये शिल्लक असलेल्या आणि आठ हजार रुपये हप्ता असलेल्या कर्जामुळे पात्रता नऊ लाखांनी कमी होते. वैयक्तिक कर्ज बहुधा स्थिर व्याजदराचे असते. ते मुदतीपूर्वी फेडल्यास आकार लागतो का, हे करारात पाहून मगच पाऊल उचलावे.

क्रेडिट कार्डाच्या बाबतीत मात्र कसोट्यांची गरज नाही. थकबाकीवर महिन्याला साधारण तीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के व्याज पडते. पन्नास हजारांच्या थकबाकीवर साडेतीन टक्क्यांनी महिन्याचे व्याज १,७५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५ रुपये होतो. किमान रक्कम म्हणून अडीच हजार रुपये भरले, तरी मुद्दलात फक्त ४३५ रुपये वळते होतात. अशी थकबाकी डोक्यावर असताना मुदत ठेवीत घरासाठी पैसे साठवणे म्हणजे गळक्या हौदात पाणी भरणे होय.

जामिनाची सही

महाराष्ट्रातील नोकरदारांच्या हिशेबात आणखी दोन गोष्टी येतात. पहिली, पगारदारांच्या सहकारी पतसंस्थेचे कर्ज. ते क्रेडिट अहवालात दिसेलच असे नाही, पण त्याची कपात पगारपत्रकात दिसते आणि बँक पगारपत्रक मागतेच. दुसरी, मित्राच्या किंवा मेहुण्याच्या कर्जाला दिलेला जामीन. ‘नुसती सही तर करायची आहे’ असे म्हणून ही जबाबदारी स्वीकारली जाते. प्रत्यक्षात १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. त्याने हप्ते थकवले, तर जामीनदाराच्या घराचे स्वप्नही अडते. येत्या काही वर्षांत घर घ्यायचे असेल, तर अशा सहीला नम्रपणे नकार देणेच हिताचे.

आपली पत कशी नोंदली गेली आहे, हे अर्जापूर्वी निदान सहा महिने तपासावे. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी ग्राहकाला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. फेडलेले कर्ज चालू दिसणे, ही नेहमीची चूक. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाईची तरतूद २०२४ पासून लागू आहे. थकलेल्या कार्डाची रक्कम ‘तडजोडीत’ कमी करून मिटवण्याचा सल्ला मात्र सावधपणे ऐकावा. पूर्ण फेड न झाल्याची ती नोंद घरकर्जाच्या वेळी आडवी येते.

स्वतःच्या हिश्श्याचा प्रश्न

बँक घराची सगळी किंमत देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के अशी कमाल मर्यादा आहे. पन्नास लाखांच्या तयार घरासाठी दहा लाख रुपये स्वतः उभे करावे लागतात. मुद्रांक शुल्क मुंबईत सहा, तर पुण्यात सात टक्के धरले, तर आणखी तीन-साडेतीन लाख लागतात. नोंदणी, वकील, दलाली आणि किरकोळ दुरुस्ती धरून हा आकडा चौदा-पंधरा लाखांवर जातो. बांधकाम सुरू असलेले आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येबाहेरचे घर असेल, तर पाच टक्के जीएसटी वेगळा.

ही तूट भरून काढण्यासाठी अनेक जण वैयक्तिक कर्ज घेतात आणि जे टाळायचे तेच ओढवून घेतात. त्या कर्जाचा हप्ता पात्रता कमी करतो आणि पहिली तीन-चार वर्षे दोन हप्त्यांच्या ओझ्याखाली जातात. वरच्या उदाहरणातील कुटुंबाकडे आठ लाखांची शिल्लक असेल, तर त्यातील चार लाखांतून सगळी देणी मिटवणे अधिक शहाणपणाचे. बचत निम्मी झाल्याचे वाईट वाटते, हे खरे. परंतु मोकळे झालेले १६ हजार रुपये दर महिन्याच्या त्याच तारखेला आवर्ती ठेवीत टाकले, तर पंचवीस महिन्यांत चार लाख परत उभे राहतात. हे पैसे पुन्हा नव्या वस्तूच्या हप्त्याकडे वळले, तर मात्र सारा खटाटोप वाया जातो.

पात्रता म्हणजे ऐपत नव्हे

बँक ५२ लाख द्यायला तयार आहे, म्हणून ते सगळे घ्यावेत असे नाही. मे २०२२ मध्ये चार टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला होता. चाळीस लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा दर सातवरून साडेनऊ टक्क्यांवर गेला, तर हप्ता सुमारे ३१ हजारांवरून ३७,३०० वर जातो. मुदत वाढवून हप्ता तेवढाच ठेवता येतो, पण त्याची किंमत वाढीव व्याजात मोजावी लागते. शाळेची फी, आईवडिलांचे औषधपाणी, एकाची नोकरी जाण्याची शक्यता यांसाठी निदान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असावेत. करबचतीचे जुने गणितही पुन्हा तपासावे. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही.

फ्लोटिंग दराचे घरकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास वैयक्तिक कर्जदाराकडून दंड आकारता येत नाही. त्यामुळे आज थोडे लहान घर घेऊन बोनसची रक्कम मुद्दलात भरणे, ही वाट नेहमी खुली असते. घर कुठे आणि किती खोल्यांचे, यावर कुटुंबात बराच खल होतो. कोणाच्या नावावर किती देणे आहे आणि ते कधी संपणार, हेही त्याच बैठकीत सर्वांसमक्ष कागदावर उतरले पाहिजे. दोन वर्षे उशिरा घेतलेले घर पुढची वीस वर्षे निश्चिंतपणे राहण्यासाठी असते.