आंबेतचे बॅरिस्टर आणि सिमेंटचा हिशेब

राजकीय पत्रकार हल्ली लिहितो कमी आणि बोलतो जास्त. मायक्रोफोन पुढे ओढायचा, पुढाऱ्याला तासभर बोलते करायचे आणि ते पॉडकास्ट म्हणून लोकांच्या कानी घालायचे, हा आता रीतसर व्यवसाय झाला आहे. त्यात गैर काही नाही. पण या व्यवसायाचे भांडवल कोणते, हे म्हसळा तालुक्याला विचारावे.

सावित्रीकाठचे आंबेत हे बॅ. अब्दुल रहमान अंतुले यांचे गाव. १९८० च्या जूनमध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि कारभाराला विलक्षण वेग आला. निराधारांसाठी अनुदान योजना सुरू झाली, कुलाबा जिल्हा 'रायगड' झाला, सिंधुदुर्ग आणि जालना हे नवे जिल्हे निघाले. तालुक्याने मान उंच करावी, असेच ते दिवस होते.

३१ ऑगस्ट १९८१ रोजी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला. शौरी मूळचे अर्थशास्त्रज्ञ. जागतिक बँकेत नोकरी करून १९७९ मध्ये 'एक्स्प्रेस'चे कार्यकारी संपादक झालेले. तेव्हा सिमेंटची टंचाई होती आणि वाटप सरकारच्या हाती. बिल्डरांना मिळालेला सिमेंटचा कोटा आणि इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान वगैरे संस्थांना पोहोचलेल्या देणग्या यांची शौरींनी सांगड घातली. विशेषणांपेक्षा आकडे बोलले. मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी निकाल दिला, कोटा आणि देणगी यांचा संबंध मान्य केला. अंतुल्यांना पद सोडावे लागले.

त्याच वर्षी शौरींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी 'एक्स्प्रेस'मधून त्यांना बाहेरही पडावे लागले. पुढे ते स्वतःच वाजपेयी सरकारात मंत्री झाले. इकडे फौजदारी खटला वर्षानुवर्षे न्यायालयांत फिरत राहिला आणि कुलाबा मतदारसंघाने अंतुल्यांना १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ मध्ये लोकसभेवर धाडले. २०१४ मध्ये ते गेले.

मग लेख वाया गेला काय? तसे म्हणता येणार नाही. मत कोणाला द्यावे, हे ठरविण्याचा अधिकार मतदाराचा. मत देताना त्याच्यापुढे हिशेब असावा, एवढेच पत्रकाराचे काम. ज्याने आपल्या भागाचे भले केले त्याचाही हिशेब मांडावा लागतो, आणि तोच मांडणे सर्वांत जड जाते. परक्या पुढाऱ्यावर टीका करायला धैर्य लागत नाही.

आजच्या पॉडकास्टवाल्यांपुढे पाहुणा समोर बसलेला असतो, त्याला पुन्हा बोलवायचेही असते. गप्पा रंगतात; कागद मात्र टेबलावर नसतो. मुलाखत ऐकणाऱ्याने पुढच्या वेळी एवढेच पाहावे: विचारणाऱ्याने प्रश्नाआधी कोणते दप्तर उघडले होते?