कोंबड्यांचे पाणी आणि अलाहाबादचे बर्फवाले

इ. स. १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ या ग्रंथमालेत सर रॉबर्ट बार्कर नावाच्या सेनाधिकाऱ्याचा एक वृत्तांत प्रसिद्ध झाला. अलाहाबादच्या ज्या मुलखात तळ्याडबक्यांवर निसर्गतः बर्फ धरल्याचे कोणाच्या पाहण्यात नव्हते, त्याच मुलखात हिवाळ्याच्या रात्री कारागीर बर्फ कसे तयार करीत, याचे मोठे बारकाईचे वर्णन त्यात आहे. मोकळ्या मैदानात सुमारे ३० फूट लांबरुंद आणि दोन फूट खोल खड्डे खणावयाचे, तळाशी उसाच्या किंवा मक्याच्या वाळलेल्या ताटांचा आठ इंचांपासून फूटभर जाडीचा थर अंथरावयाचा, त्यावर सच्छिद्र मातीचे, जेमतेम सव्वा इंच खोलीचे परळ ओळीने मांडून दिवस मावळताना त्यांत उकळलेले पाणी भरावयाचे, आणि सूर्योदयापूर्वी त्यांत जमलेले बर्फ गोळा करावयाचे, असा तो दस्तूर होता. निरभ्र आकाशाकडे पाणी आपली उष्णता प्रारणाने सतत उधळीत असते आणि त्यामुळे ते भोवतालच्या हवेहूनही थंड होऊ शकते, हे या कृतीचे मर्म विल्यम वेल्स यांनी दवावरील आपल्या निबंधात १८१४ साली उलगडून दाखविले.

या जुन्या विद्येचे स्मरण करण्याचे कारण असे, की थंड मुलखात कोंबड्या पाळणारा गृहस्थ पुष्कळदा नकळत याच बर्फवाल्यांची नक्कल करीत असतो. पसरट, उथळ, पातळ पत्र्याचे भांडे तो उघड्या अंगणात मांडतो, आणि सकाळी त्यात बर्फाची चकती सापडली म्हणजे थंडीला दोष देतो. वास्तविक बर्फ होण्यास जे जे अनुकूल, त्याच्या नेमके उलट करीत गेले, तर विजेवाचून पाणी राखण्याचा बराचसा बंदोबस्त आपोआप होतो.

लडाखचेच उदाहरण घ्यावे. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे भर हिवाळ्यात रात्रीचे तापमान उणे २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरू शकते, आणि दूरच्या खेड्यात विजेवर अखंड विसंबता येत नाही. अशा ठिकाणी पाणी गोठले तर काय बिघडते? अंड्याचा सुमारे तीनचतुर्थांश भाग पाणीच असतो. अंडी देणारी कोंबडी दिवसाला सुमारे २०० ते २५० मिलिलिटर पाणी पिते, आणि पाणी मिळेनासे झाले की ती खाणेही टाकते व अंडी घटतात. बर्फ टोचून ती तहान भागवील, असे समजणे हा तिच्यावर अन्यायच होय. एक ग्रॅम बर्फ वितळविण्यास ८० कॅलरी आणि झालेले पाणी शरीराच्या ४१ अंशांपर्यंत तापविण्यास आणखी ४१ कॅलरी लागतात. म्हणजे २०० ग्रॅम बर्फापायी सुमारे २४ किलोकॅलरी खर्ची पडतात, आणि दिवसाकाठी ३०० किलोकॅलरींच्या आसपास खाद्य खाणाऱ्या पक्ष्याच्या दृष्टीने हा जवळजवळ बारावा हिस्सा झाला.

परंतु ८० कॅलरींचा हाच आकडा पाण्याच्या रक्षणास उपयोगी पडतो. ग्लासगो विद्यापीठात जोसेफ ब्लॅक यांनी १७६२ च्या सुमारास जिचे विवेचन केले, ती सुप्त उष्णता गोठणाऱ्या पाण्याला बाहेर टाकावीच लागते. १० लिटर पाणी १५ अंशांवरून शून्यावर येताना १५० किलोकॅलरी गमावते, पण शून्यावर आल्यानंतर संपूर्ण गोठण्यासाठी त्याला आणखी ८०० किलोकॅलरी गमवाव्या लागतात. म्हणून मोठ्या, खोल भांड्यावर पापुद्रा लवकर धरला, तरी त्यातील सर्व पाण्याचा दगड व्हावयास सबंध रात्रही अपुरी पडू शकते. शिवाय भांड्याची लांबी, रुंदी आणि खोली दुप्पट केली, तर पाणी आठपट होते व पृष्ठभाग चौपटच होतो. प्रत्येक लिटरमागे होणारा उष्णतेचा क्षय निम्म्यावर येतो. चार लहान ताटल्यांपेक्षा एक खोल बादली बरी, ती यासाठी.

सच्छिद्र मातीचे भांडे मात्र वर्ज्य समजावे. उन्हाळ्यात माठाचा जो गुण आपण वाखाणतो, तोच लडाखच्या कोरड्या हवेत घातक ठरतो. पत्र्यापेक्षा जाड काळ्या रबराचे घमेले चांगले: ते ऊन शोषून घेते, आणि गोठलेच तर वाकवून आतील बर्फ पाडता येते. भोवती भुसा किंवा पेंढा ठासून भरलेली दुसरी पेटी असावी. तळाशी पेंढा घालावा की नाही, हे मात्र जागेवर ठरते. अलाहाबादकर वाळलेल्या ताटांचा थर घालीत तो जमिनीची ऊब तोडण्यासाठी. खुराड्यातील तुसाची जाड गादी आतून कुजत असेल आणि ऊबदार असेल, तर भांडे तिच्यात थोडे रुतवावे, पण बाहेरची जमीन गोठून टणक झाली असेल, तर मध्ये पेंढा अवश्य हवा.

वरचे झाकण सर्वांत महत्त्वाचे. कोंबडीला पारव्याप्रमाणे चोच बुडवून पाणी ओढता येत नाही. ती चोचीत थोडे पाणी घेते, मान उंचावते, आणि ते घशातून खाली उतरू देते. एवढ्यासाठी तिला हातभर पसरलेला जलाशय नको, डोके जाईल एवढे भोक पुरे. जाड फळीला अशी दोनतीन भोके पाडून ती पाण्यावर ठेवली, तर आकाशाकडे जाणारी उष्णता अडते, वाराही अडतो, आणि चोचीखालच्या लोंबत्या लाल पाळ्या भिजून हिमदंशाला बळी पडण्याचा धोका कमी होतो.

खुराड्याच्या उबेचा मोह अनेकांना पडतो, आणि तो अगदीच अस्थानी नाही, कारण एक कोंबडी सुमारे १० वॅट उष्णता देते. २५ कोंबड्या म्हणजे लहानशी शेगडीच. पण ती ऊब राखण्यासाठी खुराडे गच्च बंद केले, तर श्वासातील व विष्ठेतील ओलावा तुऱ्यांवर साचून गोठतो आणि अमोनियाने फुप्फुसे बिघडतात. वरच्या बाजूची हवेची वाट कधीही बुजवू नये. खरी ऊब सूर्याकडून घ्यावी. फ्रान्सच्या फेलिक्स ट्रोंब यांच्या नावाने ओळखली जाणारी, काचेआडची काळी जाड भिंत लडाखच्या घरांत रुजली आहे. तेच तत्त्व खुराड्याला लावता येते. हिवाळ्यातील सूर्य खाली उतरलेला असल्याने दक्षिणेकडील उभ्या काचेच्या एका चौरस मीटरातून निरभ्र दिवशी जेवढी उष्णता आत येते, ती १० लिटर बर्फ वितळविण्यास लागणाऱ्या उष्णतेच्या दुपटीहून अधिक भरते.

मिठाच्या पाण्याने भरलेली बंद बाटली भांड्यात तरंगत ठेवण्याची तजवीज बरेच लोक सुचवितात. मिठाचे तीव्र द्रावण उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही हे खरे. परंतु बाटलीतील मीठ बाहेरच्या पाण्याला कसलीही उष्णता देत नाही. वाऱ्याने बाटली हलली, तर पापुद्रा थोडा उशिरा धरतो, इतकेच तिचे श्रेय. मेणबत्ती किंवा कंदील यांच्या बाबतीत माझे मत कठोर आहे: पेंढा आणि पिसे असलेल्या जागी उघडी ज्योत ठेवू नये.

आणि या सर्वांहून सोपी गोष्ट कोंबडीनेच करून ठेवलेली आहे. अंधार पडला की ती दांडीवर बसते आणि उजाडेपर्यंत पाणी पीत नाही. लेहमध्ये डिसेंबरची रात्र सुमारे १४ तासांची, आणि थंडीचा सारा कडाका त्याच तासांत. तेव्हा ज्या पाण्याचा कोणालाच उपयोग नाही, ते राखण्यासाठी झगडण्याचे प्रयोजन काय? दोन भांडी ठेवावी. सायंकाळी खुराड्यातले भांडे रिकामे करून घरात आणावे, आणि सकाळी घरातले दुसरे भांडे कोमट पाण्याने भरून बाहेर न्यावे. लडाखात असोत वा कॅनडा-अमेरिकेच्या उत्तर भागात, परसात कोंबड्या पाळणाऱ्या मराठी कुटुंबांना एवढीच विनंती, की आरंभ या दोन भांड्यांपासून करावा, झाकण व सूर्य यांची जोड त्याला नंतर द्यावी, आणि मीठ किंवा मोटारीत वापरतात ते गोठणरोधक द्रव पिण्याच्या पाण्यात कोणत्याही प्रमाणात घालू नये. पक्ष्यांना ती दोन्ही विषासमान आहेत.