ताकद की ताबा : परवडणाऱ्या स्पोर्ट्स कारचा हिशेब

परवडणारी स्पोर्ट्स कार म्हणजे अशी गाडी, जिच्यात चालवण्याचा आनंद आधी येतो आणि डिकी, मागची सीट, एव्हरेज या गोष्टी नंतर. किंमत मात्र पगारदार माणसाच्या कर्जाच्या हप्त्यात बसते. या दोन अटींचे एकमेकींशी जमत नाही. महागड्या गाडीत इंजिनही मोठे देता येते आणि बाकीचे भागही उंची वापरता येतात. स्वस्त गाडीत पैसा मोजका असतो. तो इंजिनात घालायचा, की टायर, सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक आणि वजन घटवणे यांत, हे निर्मात्याला ठरवावे लागते. ताकद हवी की हाताळणी, या वादाचे मूळ या मोजक्या पैशात आहे.

ताकदीने काय मिळते

इंजिनाची ताकद अश्वशक्तीत मोजतात, पण गाडी किती चपळ आहे हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. ताकदीला वजनाने भागले की खरे चित्र दिसते. १०० अश्वशक्तीची एक टनाची गाडी आणि १५० अश्वशक्तीची दीड टनाची गाडी सरळ रस्त्यावर जवळपास सारखाच वेग पकडतात. मात्र दुसरीला इंधन जास्त लागते, ब्रेक मोठे लागतात आणि टायर लवकर झिजतात.

वेग वाढत जातो तशी ताकद महाग होत जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद घनाच्या पटीत. ताशी ८० किलोमीटरला हवा कापण्यासाठी जेवढी ताकद लागते, तिच्या आठपट ताशी १६० ला लागते. वरच्या टोकाच्या वेगासाठी भरलेली रक्कम म्हणूनच भारतीय रस्त्यावर क्वचित वसूल होते. उपयोगाची ताकद असते ती मधल्या पट्ट्यातली: ट्रकला ओलांडताना, चढावर, वळणातून बाहेर पडताना मिळणारी. तिथे कमाल अश्वशक्तीपेक्षा इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, कामाला येतो.

वळणाचे गणित

वळणावर गाडी किती वेगाने टिकेल, हे टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण आणि वळणाची त्रिज्या यांवर ठरते. ५० मीटर त्रिज्येचे वळण घेतले आणि कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरला, तर वेगाची मर्यादा ताशी सुमारे ७१ किलोमीटर येते. पावसात घर्षणांक ०.५ वर आला की तीच मर्यादा ५६ वर उतरते. या सूत्रात अश्वशक्तीला जागाच नाही. ६० अश्वशक्तीची गाडी असो की ३०० ची, टायर सारखे असतील तर मर्यादा तीच.

टायरची पकडही अमर्याद नसते. वेग घेणे, थांबणे आणि वळणे ही तिन्ही कामे त्याच तळहाताएवढ्या पट्ट्याने करायची असतात. वळणात पकड पुरती खर्च झालेली असताना चालकाने ॲक्सिलरेटर दाबला, तर पुढच्या चाकांवर चालणारी गाडी बाहेर सरकते आणि मागच्या चाकांवर चालणारीचे शेपूट सुटते. भारतातल्या स्वस्त, वेगवान गाड्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालतात. तिथे टर्बो इंजिनाचा टॉर्क एकदम आला की स्टिअरिंगही हातात ओढ घेते.

चांगली हाताळणी म्हणजे केवळ कडक स्प्रिंग नव्हे. वजन दोन्ही धुरांवर नीट वाटलेले असणे, गुरुत्वमध्य खाली असणे, स्टिअरिंगमधून रस्त्याची खबर हाताला लागणे आणि शॉकॲब्सॉर्बरने चाक जमिनीला धरून ठेवणे, हे सगळे त्यात येते. हवेत उडालेल्या चाकाला पकड शून्य असते, मग टायर कितीही महागाचा असो.

जगातले दोन नमुने

१९८९ मध्ये आलेली माझदाची एमएक्स-५ ही या वादातली सर्वांत यशस्वी साक्ष आहे. इंजिन १.६ लिटरचे, ताकद सुमारे ११५ अश्वशक्ती, वजन टनाच्या आत. ताकद मागच्या चाकांना, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आणि वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मे-निम्मे. आकडे साधे होते, पण साध्या वेगातही गाडी जिवंत वाटत असे. २०१६ मध्ये या मालिकेतील दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. दोन आसनी उघड्या गाड्यांत एवढी विक्री दुसऱ्या कोणत्याही गाडीने केलेली नाही.

दुसरा नमुना टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून २०१२ मध्ये आणलेल्या ८६ आणि बीआरझेड या जुळ्या गाड्यांचा. इंजिन दोन लिटरचे, ताकद २०० अश्वशक्ती. टायर मुद्दाम अरुंद निवडले होते. प्रियस या इंधन वाचवणाऱ्या गाडीच्याच जातीचे. हेतू असा की, बेतशीर वेगातही पकडीची सीमा चालकाला अनुभवता यावी. हाताळणीची वाहवा झाली, पण ताकद कमी पडते ही तक्रार दशकभर टिकली. तक्रारीचे खरे कारण कमाल आकड्यात नव्हते. इंजिनाच्या मधल्या फेऱ्यांत टॉर्कला खळगा पडत असे आणि नेमका रोजच्या चालवण्यात तो जाणवे. दुसऱ्या पिढीत इंजिन २.४ लिटरचे झाले, ताकद २३५ च्या आसपास गेली आणि खळगा बुजला. सांगाडाही अधिक ताठ करण्यात आला. ताकद वाढली, पण आधी तयार असलेल्या ताब्याच्या बेताने.

महाराष्ट्रातल्या गाड्या

पुणे आणि भोवतालच्या वाहन पट्ट्यात या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे तयार झाली.

चाकणच्या कारखान्यात तेव्हा बनणाऱ्या फोक्सवॅगन पोलोची जीटी टीएसआय ही आवृत्ती २०१३ मध्ये आली. १,१९७ सीसीचे टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क आणि सात गिअरची दोन क्लचची स्वयंचलित पेटी. कागदावर ताकद मध्यमच, पण टॉर्क दीड हजार फेऱ्यांपासून हाती येई आणि ताठ बांधणीमुळे गाडी हायवेवर बसून चाले.

रांजणगावच्या फियाटने २०१५ मध्ये अबार्थ पुंटो बाजारात आणली. १.४ लिटरचे टी-जेट इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, खाली बसवलेले सस्पेन्शन आणि किंमत दहा लाखांच्या किंचित आत. त्या किमतीत एवढी ताकद तेव्हा दुसरीकडे नव्हती. तरी पुंटोचे नाव मुख्यतः तिच्या हायड्रॉलिक स्टिअरिंगसाठी आणि रस्ता धरून ठेवण्यासाठी घेतले जाई. ताकद वाढवली ती आधीच भक्कम असलेल्या सांगाड्यावर, म्हणून ती पचली.

टाटा मोटर्सने २०१८ मध्ये कोइमतूरच्या जेयम ऑटोमोटिव्हजबरोबर टियागो जेटीपी आणि टिगोर जेटीपी काढल्या. मूळ टियागोच्या पेट्रोल इंजिनाची ताकद ८५ अश्वशक्ती होती. टर्बो लावून ती ११४ झाली. त्याबरोबरच स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर, टायर आणि स्टिअरिंग यांची जुळणी नव्याने केली. गाडीची उंची मात्र नाममात्र कमी केली, कारण भारतीय गतिरोधक कुणाची गय करत नाहीत. टियागो जेटीपीची सुरुवातीची किंमत ६ लाख ३९ हजार रुपये होती.

टाटाचीच रेसमो ही खरी दोन आसनी स्पोर्ट्स कार मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात दिसली. १.२ लिटरच्या तीन सिलिंडर टर्बो इंजिनातून १९० अश्वशक्ती. इंजिन आसनांच्या मागे, म्हणजे वजन मध्यावर. लहान इंजिन, हलका देह, मधोमध वजन अशी तिची मांडणी शास्त्रशुद्ध होती. पण ती उत्पादनात आलीच नाही.

डीसी अवंतीची वाट वेगळी. २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दाखवलेल्या या गाडीत रेनॉचे दोन लिटरचे टर्बो इंजिन मध्यभागी बसवले होते आणि ताकद २५० अश्वशक्तीच्या घरात होती. वजन मात्र दीड टनाच्या वर. टनामागे ताकद काढली तर ती टोयोटा ८६ च्या आसपासच येते. शिवाय किंमत पस्तीस लाखांच्या घरात गेल्याने ती परवडणाऱ्या वर्गातून बाहेर पडली.

कराची चौकट

भारतात ताकदीची मर्यादा केवळ अभियंता ठरवत नाही, करही ठरवतो. २००६ पासून चार मीटरच्या आतील आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत असलेल्या गाड्यांना कमी कर लागू झाला. पोलोचे इंजिन १,१९७ सीसीचे आणि टाटाचे १,१९९ सीसीचे का, याचे उत्तर या चौकटीत आहे. अबार्थचे १.४ लिटरचे इंजिन या सवलतीबाहेर पडे. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराची फेररचना झाली. लहान गाड्या १८ टक्क्यांच्या टप्प्यात आल्या आणि मोठ्या ४० टक्क्यांच्या. चौकट कायम राहिली. इंजिनाची क्षमता या हद्दीपलीकडे वाढवली की कर वाढतो. चांगला शॉकॲब्सॉर्बर किंवा टायर बसवला तर कराचा टप्पा बदलत नाही. सवलतीच्या हद्दीत राहून गाडी सुधारायची, तर टर्बो आणि हाताळणी हेच दोन मार्ग उरतात.

काळ्या मातीवरचा रस्ता

हाताळणीची खरी कसोटी रस्ता घेतो. यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातील फुलसावंगीचा परिसर कापूस-सोयाबीनचा आणि काळ्या मातीचा आहे. बेसाल्टपासून तयार झालेली ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. भराव व मुरुमाचा थर पुरेसा नसेल, तर वरचे डांबर दरवर्षी हलते. रस्त्याला लाटा येतात, कडा खचतात. नागपूर ते तुळजापूर हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा जातो. तो चौपदरी झाल्यावर तिथे ताकद वापरता येते. महामार्ग सोडून गावरस्त्याला लागले की हिशेब उलटतो. लाटांवर कडक, बुटकी गाडी चाके उचलते आणि तळ घासते. लांब पल्ल्याचे, पण नीट आवरलेले सस्पेन्शन असलेली कमी ताकदीची गाडी तिथे पुढे निघते. शर्यतीच्या ट्रॅकवरची उत्तम हाताळणी आणि विदर्भातल्या गावरस्त्यावरची उत्तम हाताळणी या दोन वेगळ्या जुळण्या आहेत.

ताकद आणि ताबा यांचे नाते फुलसावंगीने एका दुःखद घटनेतूनही पाहिले आहे. गावातल्या एका तरुण वेल्डिंग कारागिराने मारुती ८०० चे इंजिन वापरून एक आसनी हेलिकॉप्टर बनवले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना शेपटाकडचे पाते तुटून मुख्य पंख्यावर आदळले आणि त्या अपघातात त्याचा जीव गेला. इंजिन चालत होते, मुख्य पंखा फिरत होता. हेलिकॉप्टरमध्ये शेपटाचा लहान पंखा उचल देत नाही. मुख्य पंख्याच्या उलट्या पिळाला आवर घालणे आणि दिशा राखणे हे त्याचे काम. तो निकामी होताच ताकदच धोका बनते. तीन सिलिंडरच्या, ७९६ सीसीच्या त्या इंजिनाने लाखो कुटुंबांना साध्या गाडीत सुखरूप नेले, कारण त्याच्याभोवतीचे सगळे भाग त्याच्या ताकदीला पुरे पडतील असे बेतलेले होते.

शिकण्याचा क्रम

शर्यतीचे शिक्षणही ताब्यापासून सुरू होते. कोल्हापूरच्या मोहितेज रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर चालणाऱ्या कार्टला सस्पेन्शन नसते आणि इंजिन लहान असते. वळणात गमावलेला वेग परत मिळवायला त्यात ताकद शिल्लक नसल्यामुळे, वेग राखायला चालक आपोआप शिकतो.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांची रचनाही हेच सांगते. आयआयटी बॉम्बे रेसिंग किंवा मुंबईच्या के. जे. सोमय्या महाविद्यालयाची ओरायन रेसिंग इंडिया असे संघ या स्पर्धांत उतरले आहेत. पेट्रोल गाडीच्या हवेच्या वाटेवर २० मिलिमीटरचा अडसर सक्तीचा असल्याने ताकदीला आधीच लगाम बसतो. ७५ मीटरच्या सरळ धावेला एकूण १,००० पैकी शंभराहून जास्त गुण नसतात. आठाच्या आकड्यात वळणे, ऑटोक्रॉस आणि २२ किलोमीटरची दमाची फेरी यांचे गुण मिळून त्याच्या कितीतरी पट होतात.

पैसा कुठे घालावा

निर्मात्यासाठी क्रम ठरतो तो असा: आधी वजन कमी, मग सांगाडा ताठ, मग टायर, शॉकॲब्सॉर्बर, ब्रेक आणि स्टिअरिंग, आणि शेवटी या सगळ्याला झेपेल एवढी ताकद. इंजिन नंतरच्या आवृत्तीत वाढवता येते. कमकुवत सांगाडा सुधारायचा तर गाडी नव्यानेच आखावी लागते.

जुनी गाडी घेऊन ती तयार करणाऱ्यालाही हाच क्रम लागू पडतो. चांगले टायर, ताजे ब्रेक ऑइल व पॅड, रस्त्याला साजेसे शॉकॲब्सॉर्बर आणि चाकांची अलाइनमेंट यांवरचा खर्च प्रत्येक किलोमीटरला उपयोगी पडतो, पावसात तर दुप्पट. इंजिनाचे रिमॅपिंग त्यानंतर. इंजिन बदलणे किंवा गाडीच्या मूळ नोंदीत फरक पडेल असा बदल करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या कक्षेत येते. परिवहन कार्यालयाच्या परवानगीविना तसे केले तर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

ताकदीची गरज खोटी नाही. ओलांडताना आणि चढावर तिची उणीव प्रत्येकाला जाणवते, आणि ८६ च्या ग्राहकांची तक्रार रास्तच होती. पण त्या उणिवेवर मधल्या फेऱ्यांतला टॉर्क हा स्वस्त आणि पुरेसा इलाज आहे. लहान टर्बो इंजिनांनी तो दहा लाखांच्या आत आणून ठेवला. त्यापलीकडची अश्वशक्ती टायरला रस्त्यावर उतरवता आली तरच विकत घेण्याजोगी ठरते.