नौकेवरचा संगणक आणि जागता माणूस



कर्जत-खालापूरला समुद्र नाही. आमची उल्हास आणि पाताळगंगा समुद्राकडे जातात, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. मग कामगार चळवळीतल्या माणसाने शिडाच्या नौकेवरील संगणकाची गोष्ट कशाला सांगावी, असे कोणी विचारील. उत्तर ओघात येईलच.

आज शिडाच्या नौकेवरही संगणक असतो. उपग्रहांच्या संदेशांवरून काढलेले नौकेचे स्थान तो नकाशावर ठिपक्याने दाखवितो. त्याला काम सांगणारी जी आज्ञावली, तिलाच सॉफ्टवेअर म्हणतात. ती लोखंडासारखी गंजत नाही. पण दगा देते. कसा, ते पाहा.

जीपीएस या अमेरिकी व्यवस्थेच्या मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी १०२३ पर्यंतच जाते. पुढे पुन्हा शून्य. ६ एप्रिल २०१९ रोजी असा एक फेरा पुरा झाला. ज्या जुन्या यंत्रांच्या आज्ञावलीत याची तजवीज नव्हती, त्यांचे पंचांग साडेएकोणीस वर्षांनी मागे गेले. यंत्र धडधाकट, हिशेब मात्र खोटा!

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी ‘वेस्टास विंड’ ही शर्यतीची नौका मॉरिशसच्या ईशान्येस प्रवाळाच्या खडकावर आदळली. संगणक बिघडलेला नव्हता. नकाशा लहान प्रमाणावर पाहिल्यामुळे खडकाची खरी कल्पना आली नाही. मोठा करून पाहिला असता तर ती आली असती. नऊही खलाशी वाचले, हे नशीब.

तेव्हा करावे काय? प्रवासाच्या तोंडावर आज्ञावली बदलू नये. बदललीच तर ओळखीच्या पाण्यात आधी पारखून घ्यावी. तिची व नकाशांची प्रत दुसऱ्या संगणकात ठेवावी. पण दोन्ही संगणक एकाच बॅटरीवर चालत असतील तर बॅटरी बसताच दोन्ही बंद! आखलेला मार्ग पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठा करून पाहावा. दर तासाला स्थान वहीत लिहावे. वेग, दिशा आणि वेळ यांवरून आपण कोठे असावयास हवे ते काढून पडद्याशी ताडावे. दोन उत्तरे जुळली नाहीत, तर उलगडा होईपर्यंत धोका आहे असेच धरावे.

गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ साली कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली. हेच टॉमी २०१८ साली ज्या शर्यतीत उतरले, तिच्यात उपग्रहांची मदत घेण्यास बंदी होती. सूर्य-तारे पाहून, कागदी नकाशावर मार्ग काढावयाचा होता. जुनी विद्या अजून चालते, ती अशी.

हा धडा आम्हा कर्जतकरांना परका नाही. बोरघाट उतरणाऱ्या गाडीसाठी जागोजागी चढावर नेलेला रुळाचा फाटा आहे. सांधा त्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी थांबली, ब्रेक ताब्यात आहेत अशी खात्री पटली, की मगच मुख्य मार्ग मिळतो. विश्वास आधी नव्हे, पारखल्यावर!

आमच्या भागातील एका कारखान्यात पडद्यावरचा आकडा ठीक होता, पण नळाला हात लावणाऱ्या कामगाराला तो तापलेला लागला. त्याने सांगितले, तेव्हा “यंत्र चुकत नाही” असे उत्तर मिळाले. त्याने काम थांबविले म्हणून अपघात टळला. आणि काम थांबविले म्हणूनच त्याच्यावर ठपकाही आला. तो काढून घेण्यासाठी आम्हांला चार महिने झगडावे लागले.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : यंत्र कितीही शहाणे असो, त्याच्याशेजारी झोप पुरी झालेला, काम जाणणारा आणि “थांबा” म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस हवा. नौकेवर तो खलाशी असतो, कारखान्यात कामगार. त्याचा अधिकार काढून घेतला, तर खडकाशी गाठ ठरलेलीच.