कटरिना: दोष वाऱ्याचा की भिंतीचा?

मोठी आपत्ती ओसरली की दोन तऱ्हेची वाक्ये कानावर पडू लागतात. ‘निसर्गापुढे माणसाचे काय चालणार?’ हे एक, आणि ‘अमक्या अधिकाऱ्याला आधी घरी पाठवा’ हे दुसरे. वरवर ती परस्परविरोधी वाटतात. पण बहुधा दोन्हींचा परिणाम सारखाच होतो. बोलणाऱ्याचे समाधान होते आणि पुढची चौकशी तिथेच थांबते.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात मात्र ही चौकशी थांबली नाही. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आपल्याला आठवत असेल. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, ‘कटरिना’ नावाचे हरिकेन (अटलांटिकमधल्या चक्रीवादळांना हेच नाव आहे) लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर धडकले. न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. वादळातील मृतांचा आकडा बरीच वर्षे १८३३ असा दिला जाई. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने २०२३ साली फेरतपासणी करून तो १३९२ असा सुधारला. एकूण नुकसान १२५ अब्ज डॉलर, म्हणजे साडेबारा हजार कोटी डॉलर! एवढी हानी नेमकी कशामुळे झाली, हा प्रश्न विज्ञानाचा आहे. ती कोणामुळे झाली, हा प्रश्न वेगळा. पण पहिल्याचे उत्तर नीट शोधल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नाही, असे आम्हाला वाटते.

खोलगट ताटलीतले शहर

आधी नकाशा पाहू. दक्षिणेला मिसिसिपी नदी आणि उत्तरेला पाँचरट्रेन नावाचे विस्तीर्ण पण उथळ सरोवर, आणि या दोहोंच्या मध्ये शहर. हे सरोवर पुढे समुद्राला जोडलेले आहे. फ्रेंचांनी १७१८ साली वसाहत केली ती नदीकाठी. पुरामागून पूर येऊन गाळ साचल्यामुळे काठाची पट्टी आपोआप उंच झालेली असते. जुन्या लोकांनी घरे बांधली ती तिथेच. (२००५ च्या पुरातही हा जुना भाग बहुतांशी कोरडा राहिला.) पलीकडे सरोवरापर्यंत दलदल होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पंप बसवून ती कोरडी करण्यात आली आणि शहर उत्तरेकडे पसरले.

दलदलीची माती म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. तिला ‘पीट’ म्हणतात. पाणी आहे तोवर ती फुगलेली असते. पाणी काढून घेतले की ती आकसते, हवा लागून तिच्यातला सेंद्रिय भाग कुजून नाहीसा होतो आणि जमीन खचते. शेणखत भरपूर घातलेल्या कुंडीला महिनाभर पाणी घातले नाही तर माती कडेपासून सुटून खाली बसते. तेच इथे शहरभर घडले. शहर कोरडे ठेवण्यासाठी जितके पंप चालवावेत तितके शहर खाली जाणार, आणि ते खाली गेले की आणखी पंप हवेत. सुमारे अर्धे शहर समुद्रसपाटीच्या खाली गेले ते असे.

पावसाचे पाणी पंपांनी उचलून कालव्यांत सोडायचे आणि कालव्यांतून ते सरोवरात जाऊ द्यायचे, अशी ही व्यवस्था होती. सतरावा रस्ता, ऑर्लिन्स अव्हेन्यू आणि लंडन अव्हेन्यू या नावांचे तीन कालवे वस्तीत आतवर गेलेले होते. सरोवराकडचे त्यांचे तोंड उघडे होते. पाण्याला बाहेर जायला जी वाट, तीच वादळात सरोवर फुगले की आत यायची वाट!

वारा मंदावला, पाणी नाही

२८ ऑगस्टला भर समुद्रात कटरिना सर्वोच्च, म्हणजे पाचव्या श्रेणीचे वादळ होते. वाऱ्याचा वेग ताशी २८० किलोमीटर, आणि केंद्रातील दाब ९०२ हेक्टोपास्कल. जमिनीवर येताना ते तिसऱ्या श्रेणीपर्यंत उतरले. तरीही मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर सुमारे साडेआठ मीटरचे उधाण नोंदले गेले. असे का?

दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर चढते. या हिशेबाने दाबामुळे फार तर मीटरभर वाढ व्हावी. बाकीचे काम वाऱ्याचे. किनाऱ्याजवळचा समुद्र उथळ असला की वाऱ्याने पुढे रेटलेल्या पाण्याला खालून परत फिरायला जागा उरत नाही आणि ते साचत जाते. एवढ्या मोठ्या जलराशीला आदल्या दिवशी मिळालेली गती वारा थोडा मंदावल्याबरोबर संपत नाही. म्हणून वादळाच्या श्रेणीवरून उधाणाचा अंदाज बांधणे धोक्याचे असते.

वादळाचे केंद्र शहराच्या पूर्वेकडून गेले. उत्तर गोलार्धात चक्रीवादळातील वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. तेव्हा केंद्राच्या पश्चिमेला असलेल्या शहरावर ते उत्तरेकडून आले. त्यांनी सरोवराचे पाणी दक्षिण काठाकडे ढकलले, आणि ते कालव्यांत शिरले.

कालव्यांच्या दोन्ही बाजूंना मातीचे बांध होते. त्यांच्या माथ्यावर काँक्रीटच्या भिंती होत्या आणि भिंतींच्या खाली जमिनीत ठोकलेले पोलादी पत्रे. सतराव्या रस्त्याच्या कालव्यावरची भिंत कोसळली तेव्हा पाणी तिच्या माथ्यापासून मीटरभराहून अधिक खाली होते. ही गोष्ट महत्त्वाची आहे. पाणी भिंतीवरून वाहिले असते तर ‘वादळ अपेक्षेपेक्षा मोठे होते’ असे म्हणता आले असते. (औद्योगिक कालव्यावर तसे झालेही. तिथे वरून पडणाऱ्या पाण्याने भिंतीमागची माती खरवडून नेली.) पण इथे भिंत तिला झेपायला हवा होता त्याहून कमी भार आला असताना पडली.

त्याचे कारण दहावीच्या विद्यार्थ्याला समजेल असे आहे. द्रवाचा दाब खोलीच्या प्रमाणात वाढतो, म्हणून भिंतीवरचा एकूण रेटा खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भिंतीला दोन मीटर पाणी टेकलेले असेल तर दर मीटर लांबीवर सुमारे दोन टन वजनाएवढा रेटा येतो. आता समजा, त्या रेट्याने भिंत किंचित कलली आणि पाण्याच्या बाजूला भिंत व माती यांच्यामध्ये तीन मीटर खोल फट पडली. फटीत पाणी भरले की पाण्याची खोली पाच मीटर झाली, आणि रेटा साडेबारा टन. पाण्याची पातळी बोटभरही न वाढता रेटा सहापट! (आकडे सोयीसाठी घेतले आहेत, विद्यार्थ्यांना वेगळे आकडे घेऊन गणित करू द्यावे.) शिवाय पलीकडे आधाराला उरली ती निम्मीच माती, आणि तीही पीट व मऊ चिकणमातीची. बांधाचा तुकडा भिंतीसकट घसरत गेला.

ताडपत्रीखाली काय होते?

फट पडेल हे कोणालाच ठाऊक नव्हते काय? या व्यवस्थेचा आराखडा आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सचा, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलाचा. या दलाने १९८५ साली लुइझियानातच अशा पत्र्यांची प्रत्यक्ष भार देऊन चाचणी घेतली होती. पत्र्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपू नये म्हणून त्यावर ताडपत्री अंथरली होती. पत्रे कलले आणि मातीत फटही पडली, पण ती ताडपत्रीखाली झाकली गेली. पत्रे फार खोल ठोकून उपयोग नाही, असा निष्कर्ष या चाचणीतून काढण्यात आला. डेव्हिड रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे, जिथे साडेनऊ ते चौदा मीटर खोलीची गरज होती तिथे सुमारे पाच मीटर पुरेत असे ठरले, आणि त्यातून सुमारे दहा कोटी डॉलर वाचले.

याला गुन्हा म्हणायचे की चूक? आमच्या मते चाचणीतली चूक क्षम्य आहे. प्रयोगशाळेत काम केलेल्या कोणालाही ती समजेल. क्षम्य नाही ते हे, की माणसांचे जीव ज्यावर अवलंबून आहेत असा निष्कर्ष बाहेरच्या तज्ज्ञांपुढे कठोर तपासणीसाठी ठेवला गेला नाही.

याशिवाय लहानसहान गोष्टी अनेक आहेत. १९६५ च्या ‘बेट्सी’ वादळानंतर ही योजना मंजूर झाली तेव्हा ती तेरा वर्षांत पुरी होईल असा अंदाज होता. २००५ मध्ये ती अपुरीच होती, आणि पूर्ततेची तारीख २०१५ पर्यंत गेली होती. जमीन खचत असताना उंची जुन्या खुणांवरून मोजली गेल्यामुळे काही भिंती आराखड्यापेक्षा अर्ध्या मीटरहून अधिक बुटक्या निघाल्या. कालव्यांच्या तोंडाशी दारे बसवण्याचा विचारही झाला होता. पण ‘दारे लावली तर पंपांनी उपसलेले पाणी जाणार कुठे?’ अशी हरकत स्थानिक मंडळांनी घेतली. ती अगदीच बिनबुडाची नव्हती. शेवटी काँग्रेसच्या आदेशाने दारांऐवजी लांबच लांब भिंती आल्या. पंप एका मंडळाकडे, बांधांची देखभाल दुसऱ्याकडे आणि आराखडा तिसऱ्याकडे. अभियंता दलाच्या पुढाकाराने झालेल्या चौकशीनेच २००६ साली या व्यवस्थेला ‘नावापुरती व्यवस्था’ म्हटले.

माहिती होती, वाहने नव्हती

१ सप्टेंबर २००५ रोजी अध्यक्ष बुश यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले, की बांध फुटतील असे कोणाला वाटले नव्हते. भिंती तळातून कोसळतील हे फार थोड्यांना वाटले असेल हे खरे. पण शहर बुडेल असे कोणी म्हटले नव्हते, हे खरे नाही. ‘सायंटिफिक अमेरिकन’ने ऑक्टोबर २००१ मध्ये आणि स्थानिक ‘टाइम्स-पिकायून’ दैनिकाने जून २००२ च्या लेखमालेत याविषयी सविस्तर लिहिले होते. जुलै २००४ मध्ये तर ‘फेमा’ या केंद्रीय आपत्कालीन संस्थेच्या पैशांतून ‘पॅम’ या काल्पनिक वादळाची पाच दिवसांची रंगीत तालीम झाली. तिच्यात शहर बुडाले आणि साठ हजारांवर मृत्यू गृहीत धरले गेले. पण तालमीत उघड झालेल्या उणिवा भरून काढण्याचे काम वर्षभरात पुरे झाले नाही. वाहतुकीचा भाग तर फारच कच्चा राहिला.

शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश महापौर रे नेगिन यांनी २८ ऑगस्टला सकाळी दिला. वादळ यायला तेव्हा एक दिवसही उरला नव्हता. ज्यांच्याकडे मोटार होती ते गेले. आसपासच्या प्रदेशातून दहा लाखांवर माणसे बाहेर पडली, आणि हे यश लहान नाही. पण २००० च्या जनगणनेनुसार शहरातील २७ टक्के घरांत मोटार नव्हती. ‘शहर सोडा’ या आदेशाचा अर्थ त्यांच्यासाठी काय होता? ते सुपरडोम या क्रीडागृहात गेले किंवा घरीच राहिले. लुइझियानातील ९७१ मृत्यूंचा अभ्यास झाला, त्यांतील ४९ टक्के व्यक्ती पंचाहत्तर वा त्याहून अधिक वयाच्या होत्या. ही टक्केवारी वाचल्यावर ‘लोकांनी ऐकले नाही’ हे स्पष्टीकरण आम्हाला पटत नाही.

मग जबाबदार कोण ठरले?

‘फेमा’चे प्रमुख मायकेल ब्राउन यांनी १२ सप्टेंबरला राजीनामा दिला. ते त्या पदाला योग्य नव्हते असे म्हणायला जागा आहे, पण ते गेल्याने पत्रे खोल गेले नसते. सेंट बर्नार्ड भागातील सेंट रीटा वृद्धाश्रमात ३५ जण बुडून मेले. तो चालवणाऱ्या पतिपत्नींवर फौजदारी खटला भरला गेला; २००७ साली ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. ज्यांची घरे बुडाली त्यांनी अभियंता दलावर दावे लावले. २००८ साली न्यायाधीश स्टॅनवुड ड्युव्हल यांनी दलावर कडक ताशेरे ओढले आणि तरीही कालव्यांविषयीचा दावा काढून टाकला. कारण १९२८ च्या पूरनियंत्रण कायद्याने अशा नुकसानभरपाईपासून सरकारला संरक्षण दिले आहे. जहाजांसाठी खोदलेल्या दुसऱ्या एका कालव्याबाबत त्यांनी २००९ साली दलाला जबाबदार धरले. वरिष्ठ न्यायालयाने २०१२ मध्ये तो निकाल आधी उचलून धरला आणि सहा महिन्यांनी स्वतःच फिरवला.

लुइझियाना राज्य विद्यापीठातील संशोधक आयव्हर व्हॅन हीर्डन वादळाआधीही धोक्याविषयी बोलत होते, आणि नंतर राज्याच्या चौकशी पथकाचे नेतृत्व करून त्यांनी दोष अभियंता दलाच्या आराखड्यावर ठेवला. विद्यापीठाने पुढे त्यांचा करार वाढवला नाही. ते न्यायालयात गेले आणि २०१३ साली तडजोड झाली. आमच्यासारख्या सरकारी अनुदानावर संशोधन करणाऱ्यांना हा भाग वाचताना थोडे अस्वस्थ व्हायला होते, हे लपवत नाही.

नवी व्यवस्था साडेचौदा अब्ज डॉलर खर्चून उभी राहिली. ती ‘शंभर वर्षांतून एकदा’ येणाऱ्या वादळासाठी आहे. हा शब्दप्रयोग फसवा असल्यामुळे वर्गात एक खेळ जरूर घ्यावा. शंभर चिठ्ठ्यांपैकी एकीवर ‘वादळ’ लिहा. चिठ्ठी काढा, पाहा, परत टाका. असे सत्तर वेळा करा. सत्तर वर्षांच्या आयुष्यात ती चिठ्ठी निदान एकदा निघण्याची शक्यता जवळजवळ निम्मी, तर तीस वर्षांत सुमारे २६ टक्के असते. वर्गातल्या निम्म्या गटांना ती सापडेल आणि निम्म्यांना नाही. न सापडलेल्यांना ‘आता शंभर वर्षे काळजी नको’ असे म्हणता येईल का, ते विचारावे.

२०१८ साली त्या तीन कालव्यांच्या तोंडाशी कायमची दारे बसली. सोबत पंपही आले, म्हणजे स्थानिक मंडळांच्या जुन्या प्रश्नालाही उत्तर मिळाले. २९ ऑगस्ट २०२१ रोजी, बरोबर सोळा वर्षांनी, ‘आयडा’ वादळ आले. बांध टिकले, वीज मात्र सगळ्या शहराची गेली. त्याआधी २०१९ मध्ये अभियंता दलाने एक सूचना प्रसिद्ध केली होती. जमीन खचत असल्याने आणि समुद्र चढत असल्याने, उंची वाढवली नाही तर हे बांध २०२३ पासूनच शंभर वर्षांच्या कसोटीला उतरेनासे होतील, असे तिच्यात म्हटले होते.